रिकामे असणे हेच ज्याचे काम आहे ते धरण

मुरबाड तालुक्यातील एका गावाच्या वरच्या अंगाला, ओढा डोंगर सोडून सपाटीला लागतो त्या ठिकाणी, सात मीटर उंचीचा एक मातीचा बांध आहे. ऑक्टोबरात पाऊस थांबल्यानंतर त्याच्यामागे पाण्याचे लहानसे डबके तेवढे उरते आणि बाकीच्या जागेत गुरे चरतात. बाहेरगावाहून आलेला पाहुणा हमखास विचारतो, की एवढे मोठे धरण बांधले आणि त्यात पाणीच कसे नाही, ते गळते की काय. गावातील पुष्कळांनाही हाच प्रश्न पडतो, आणि मे महिन्यात टँकरची वाट पाहताना तो रागाने विचारला जातो. मी ठाण्यात राहतो आणि नोकरीची बरीच वर्षे अशा लहान धरणांच्या मातीकामावर काढली आहेत. या प्रश्नाचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे फार दिवस मनात होते, कारण ते न कळल्यामुळे माणसे अगदी चांगल्या हेतूने अशा धरणाचे असे काही करून बसतात की ते खालच्या वस्तीलाच धोक्याचे होते.

आपल्याकडे ओढ्याला आडव्या घातलेल्या प्रत्येक कामाला सरसकट बंधारा किंवा धरण म्हटले जाते, पण त्यांची कामे वेगवेगळी असतात. पाऊस ओसरल्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून घातलेला वनराई बंधारा हिवाळ्यातील वाहते पाणी भाजीपाल्यासाठी अडवतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या सुट्या फळ्या, पावसाळ्यापूर्वी काढून ठेवतात आणि पावसाळा सरत आला की पुन्हा बसवतात. पाझर तलावाचे पाणी जमिनीत मुरावे आणि खालच्या विहिरींना उतरावे, अशी अपेक्षा असते. हे तिन्ही प्रकार पाणी नंतरच्या दिवसांसाठी राखण्याकरिता आहेत. पूर आवरण्यासाठी बांधलेल्या धरणाला पाणी राखायचे नसते. ते काही तास थांबवून ठेवायचे आणि मग बेताबेताने सोडून द्यायचे असते.

हे समजण्यासाठी पूर म्हणजे काय ते आधी पाहावे लागते. गावाचे नुकसान किती पाणी आले यापेक्षा ते किती वेळात आले यावर ठरते. आपल्या या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या जमिनीवर पडलेला पाऊस शेवटी याच ओढ्यात उतरतो ती जमीन, २ चौरस किलोमीटर धरू. जुलैत जमीन आधीच पाणी पिऊन तृप्त झालेली असताना तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला साठ टक्के वाहून आला, तर १ लाख २० हजार घनमीटर, म्हणजे १२ कोटी लिटर पाणी ओढ्यात येते. हेच पाणी दिवसभरात वाहिले असते तर ओढा काठोकाठ वाहिला असता आणि कोणाचे काही बिघडले नसते. पण सह्याद्रीचा उतार तीव्र आहे, आणि ते सगळे सुमारे दोन तासांत खाली येते. त्या दोन तासांत प्रवाह आधी चढतो, मध्यावर सर्वाधिक होतो आणि मग उतरतो. त्या मधल्या शिखरावर दर सेकंदाला सुमारे ३३ घनमीटर पाणी वाहत असते. वर्तमानपत्रात आपण क्युसेकचे, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी याचे, आकडे वाचतो, त्या मापाने हे ११०० क्युसेकच्याही वर जाते. ओढ्याचे पात्र सेकंदाला दहा घनमीटर सामावणारे असेल, तर उरलेले पाणी खाचरांत शिरते, नुकतीच आवणी झालेली रोपे उपटून नेते आणि ओढ्याकाठच्या घरांच्या ओट्यावर चढते.

आता त्या ओढ्यावर बांध घालून त्याच्या पोटातून ९०० मिलिमीटर व्यासाचा एक नळ आरपार काढला, तर काय होते ते पाहू. नळाला झडप नाही, चावी नाही, तो कायम उघडा आहे. रोजचा पाऊस त्यातून सरळ निघून जातो. मोठा पाऊस आला की नळ पुरा पडत नाही, पाणी मागे तुंबू लागते, आणि नळाच्या तोंडावर चार मीटर पाणी चढले तरी त्यातून सेकंदाला साधारण ३ ते साडेतीन घनमीटरच पाणी जाते. बांधामागे सरासरी दोन मीटर खोलीचे पाच हेक्टरांचे तळे तात्पुरते पसरले, तर त्यात १ लाख घनमीटर पाणी मावते, आणि आपल्या हिशेबातील पूर जवळजवळ पूर्ण त्यात बसतो. गावाला ३३ ऐवजी तीन-साडेतीन घनमीटरचा प्रवाह दिसतो, मात्र तो दोन तासांऐवजी दहा-बारा तास दिसत राहतो. पाणी तितकेच गेले, फक्त त्याचे शिखर कापले गेले. आणि हे साधण्यासाठी ते तळे पावसाच्या आधी रिकामे असावे लागते, कारण भरलेल्या भांड्यात आणखी पाणी थांबत नाही. गुरे चरतात ती रिकामी जागा हाच या धरणाचा खरा साठा आहे.

नळ उघडाच का ठेवायचा, दरवाजा का बसवायचा नाही, असेही विचारले जाते. मोठ्या धरणावर दरवाजे असतात, कारण तिथे ते चालवायला माणसे, वीज आणि चोवीस तास देखरेख असते. रात्री दोन वाजता, धो धो पावसात, वीज गेलेली असताना गावाबाहेरच्या बांधावर जाऊन कोणी दरवाजा वेळेवर फिरवेल, यावर शंभर घरांचा जीव टांगणे शहाणपणाचे नाही. कायम उघड्या नळाला कोणाच्या जागे असण्याची गरज लागत नाही. त्याचा आणखी एक गुण असा, की पाण्याची उंची दुप्पट झाली तरी नळातला प्रवाह दुप्पट होत नाही, सुमारे १.४ पट होतो. त्यामुळे वर तळे कितीही चढले तरी खालच्या ओढ्यात उतरणारे पाणी फारसे बदलत नाही, आणि तेच आपल्याला हवे असते.

ही कल्पना कागदावरची नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यात मार्च १९१३ च्या महापुराने डेटन शहर उद्ध्वस्त केले, तेव्हा आर्थर मॉर्गन या अभियंत्याच्या देखरेखीखाली तिथल्या नद्यांवर पाच मातीची धरणे बांधण्यात आली. १९२२ साली पूर्ण झालेल्या या पाचही धरणांना दरवाजे नाहीत, आणि एरवी ती कोरडी असतात. त्यांच्यामागच्या जमिनीवर शेती होते, मात्र तिथे पाणी साठवण्याचा हक्क कायमचा राखून ठेवलेला आहे. ती धरणे आकाराने मोठी आहेत. आपल्या मापाच्या, गावाच्या ओढ्यावरच्या धरणांचे खरे उदाहरण ओक्लाहोमा राज्यातील कॉर्डेल गावाजवळ आहे. तिथे क्लाउड क्रीक नावाच्या ओढ्यावर १९४८ साली पहिले धरण उभे राहिले आणि पुढच्या काही दशकांत त्या देशात अशी सुमारे १२ हजार लहान धरणे झाली. त्यांतील पुष्कळांचे आयुष्य पन्नास वर्षांचे धरले होते. ती मुदत आता उलटून गेली आहे, गाळाने जागा भरत आली आहे, आणि तेव्हा शेते होती तिथे खाली घरे झाली आहेत. आपल्याकडे कल्याण, बदलापूर, मुरबाड या पट्ट्यात वस्ती ज्या वेगाने वाढते आहे तो पाहता हा शेवटचा मुद्दा आपण आजच मनावर घ्यावा असे मला वाटते. शेताच्या वरचे म्हणून बांधलेले धरण वीस वर्षांत इमारतींच्या वरचे होते, आणि बांधाची माती मात्र तीच राहते.

त्या मातीविषयी आता थोडे जवळून लिहितो, कारण माझा जन्म तिच्यातच गेला. मातीचे धरण पाणी अडवते म्हणजे पाणी त्यातून अजिबात जात नाही असे नाही. प्रत्येक मातीच्या धरणातून पाणी पाझरते. ते किती, कोठून आणि कसे पाझरते एवढाच प्रश्न असतो. सात मीटर उंचीच्या बांधाचा माथा तीन मीटर रुंद ठेवला आणि पाण्याकडचा उतार अडीचास एक, म्हणजे अडीच मीटर आडवे जाताना एक मीटर चढ, आणि खालच्या बाजूचा दोनास एक धरला, तर तळाशी त्याची रुंदी साडेचौतीस मीटर होते. एवढा पसारा केवळ वजनासाठी नसतो. पाण्याला पलीकडे पोचण्यासाठी लांबचा रस्ता चालावा लागावा आणि त्या रस्त्यात त्याचा जोर संपावा, यासाठी तो असतो. बांधाच्या मध्यभागी चिकण मातीचा गाभा भरतात, आणि तो खाली कठीण थराला टेकेपर्यंत खंदक खणून उतरवतात. गाभ्याच्या दोन्ही अंगांना मुरमाड मातीचे आवरण असते. गाभा पाणी अडवतो आणि आवरण त्या गाभ्याला उभा धरते.

माती नुसती ओतून बांध होत नाही. ती वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या थरांनी पसरून, प्रत्येक थरावर पाणी मारून आणि रोलर फिरवून दाबावी लागते. पाणी किती मारायचे यातच सगळी कला आहे. माती कोरडी असेल तर ढेकळे एकमेकांत बसत नाहीत आणि मधे पोकळ्या राहतात. फार ओली असेल तर रोलरखाली ती रबरासारखी हलते आणि दबत नाही. या दोहोंच्या मधे एक ओल अशी असते की त्याच रोलरने माती सर्वांत घट्ट बसते. लॉस एंजेलिसच्या धरणांवर काम करणाऱ्या प्रॉक्टर या अभियंत्याने १९३३ साली ही गोष्ट मोजून मांडली, आणि आजही जगभर मातीकामाची कसोटी त्याच्याच नावाने ओळखली जाते. प्रयोगशाळा हाताशी नसली तर अनुभवी मुकादम मूठभर माती वळून लाडू करतो. लाडू वळला गेला, बोटांचे ठसे त्यावर उठले, हाताला चिखल लागला नाही आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर तो दोन-चार तुकड्यांत फुटला, तर ओल बरोबर आहे असे तो म्हणतो. हा लाडू प्रयोगशाळेच्या आकड्याची जागा घेऊ शकत नाही, पण कामावर दिवसातून पन्नास वेळा करता येणारी परीक्षा हीच आहे, आणि ती करणारा मुकादम कामावर आहे की नाही हे मी पहिल्यांदा पाहत असे.

पूरनियंत्रणाच्या धरणाला मातीची एक खास अडचण असते, जी कायम भरलेल्या धरणाला तितकीशी नसते. ते वर्षातले आठ महिने कोरडे असते. चिकण माती वाळली की आक्रसते आणि भेगाळते. उन्हाळ्यात तळ्याचा तळ फाटलेला आपण सर्वांनी पाहिलेला आहे. बांधाच्या माथ्यावर मे महिन्यात पडलेली भेग खोल गाभ्यापर्यंत गेली असेल आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात तळे एका रात्रीत चढले, तर माती फुगून ती भेग मिटण्याच्या आत पाणी तिच्यातून वाट काढते. म्हणून गाभा उघड्यावर ठेवत नाहीत, त्याच्या डोक्यावर मुरमाचा जाड थर देतात आणि उतारांवर हरळी वाढू देतात.

झाड मात्र वाढू द्यायचे नसते. बांधावर सावलीसाठी हौसेने लावलेले आंब्याचे झाड पाहून मला वाईट वाटते, कारण आज ना उद्या ते तोडायला मलाच सांगावे लागते. झाड जगते तोवर त्याची मुळे ओलाव्याच्या शोधात बांधात शिरतात, आणि झाड मेले की ती कुजून तिथे नळ्या तयार होतात. घुशींची बिळे, साळिंदराची घळ, मुंग्यांची आणि वाळवीची वारुळे यांचाही परिणाम हाच. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हा खेकड्यांनी धरण पोखरल्याचे कारण पुढे आले होते. खेकडे बांध पोखरतात ही गोष्ट कोकणातला कोणताही शेतकरी सांगेल. पण बीळ एका रात्रीत धरण फोडत नाही. त्याच्या आधी कित्येक दिवस पाझर दिसतो, आणि तिवऱ्यात गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केलेल्या होत्या. खेकडा कारण असो वा नसो, पाझर दिसल्यावर त्याकडे वेळेवर पाहिले जाणे हाच खरा उपाय आहे.

पाझरणारे पाणी धोकादायक केव्हा होते, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. ते नितळ असेल तर फक्त पाणी येत आहे. ते गढूळ असेल तर पाण्याबरोबर बांध येत आहे. मातीचा एक कण बाहेर पडला की त्याच्या मागची वाट किंचित मोकळी होते, पाणी किंचित जोराने येते, आणि दुसरा कण सुटतो. ही नळी खालच्या पायथ्यापासून मागे मागे, तळ्याच्या दिशेने सरकत जाते, आणि ती तळ्याला मिळाली की पुढचा खेळ तासाभराचाही नसतो. यावर उपाय म्हणून बांधाच्या आत, गाभ्याच्या खालच्या अंगाला, निवडलेल्या वाळूचा उभा पडदा घालतात. वाळू पाण्याला जाऊ देते आणि मातीच्या कणाला थोपवते, त्यामुळे नळी तयार होण्याची सुरुवातच होत नाही. जिथे नळ बांधातून आरपार जातो तिथे ही काळजी सर्वांत जास्त घ्यावी लागते, कारण नळाच्या गोल अंगाखाली रोलर पोचत नाही आणि माती हमखास सैल राहते. पूर्वी तिथे नळाभोवती काँक्रीटच्या कॉलर ओतत असत. आता वाळूचा पडदा नळाभोवती गुंडाळतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा काम अर्धवट असताना त्यात पाणी भरले होते, आणि भराव खचला तो पाणी सोडण्याच्या अर्धवट राहिलेल्या मोरीच्याच वरचा होता.

एवढे सगळे नीट केले तरी एक गोष्ट मातीच्या धरणाला कधीच सोसत नाही, ती म्हणजे माथ्यावरून पाणी वाहणे. दगडी किंवा काँक्रीटच्या बंधाऱ्यावरून पाणी गेले तर तो बहुधा टिकतो. मातीच्या बांधावरून ते गेले, तर खालच्या उताराला आधी एक घळ पडते, ती रुंदावत माथ्याकडे येते, आणि मग धरणात थांबवलेले सगळे पाणी एकदम सुटते. तो पूर ओढ्याच्या स्वाभाविक पुरापेक्षा मोठा असतो. म्हणून प्रत्येक मातीच्या धरणाला सांडवा असतो. बांधाच्या एका टोकाला, शक्यतो मूळ जमिनीत खोदलेली ही रुंद वाट असते. नळ पुरा पडला नाही आणि तळे भरले, की जास्तीचे पाणी या वाटेने बांधाला वळसा घालून निघून जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढा पाऊस आपल्या २ चौरस किलोमीटरच्या ओढ्यावर पडला असता, तर पडलेले पाणी जवळजवळ १९ लाख घनमीटर झाले असते, आणि आपल्या धरणात जागा आहे १ लाखाची. अशा दिवशी हे धरण पूर थांबवू शकत नाही. स्वतः न फुटता तो पूर खाली जाऊ देणे एवढेच त्याने करायचे असते. लहान धरण बांधताना हे गावाला स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण वर धरण आहे म्हणून पात्रात घर बांधणारी माणसे मी पाहिली आहेत.

सांडव्याचे गणित मला प्रत्येक ग्रामसभेत सांगावेसे वाटते. वीस मीटर रुंद सांडव्यावरून एक मीटर खोल पाणी वाहू लागले, तर सेकंदाला सुमारे ३४ घनमीटर पाणी निघून जाते, म्हणजे आपण वर पाहिलेला अख्खा पूर. आता उन्हाळ्यात पाणी कमी पडते म्हणून कोणी नळाचे तोंड बुजवले आणि सांडव्यावर अर्धा मीटर उंचीच्या वाळूच्या गोण्या रचल्या. चांगल्या हेतूने केलेला प्रकार म्हणून मी सुरुवातीला म्हटले, तो हाच. गोण्या रचणाऱ्याला वाटते की सांडव्याची ताकद निम्मी झाली असेल. प्रत्यक्षात माथ्याच्या खाली आता अर्धाच मीटर खोली उरली आहे, आणि अर्धा मीटर खोल पाणी त्याच वीस मीटरांतून सेकंदाला १२ घनमीटरच जाते. ताकद एक तृतीयांश झाली. शिवाय नळ बंद असल्यामुळे तळे पावसाआधीच भरलेले आहे. एक रिकामे, सुरक्षित धरण चार माणसांनी एका दुपारच्या श्रमदानात भरलेले आणि धोक्याचे करून ठेवले.

मग उन्हाळ्याच्या पाण्याचे काय, हा प्रश्न उरतोच, आणि तो अगदी रास्त आहे. ज्या शहापूर तालुक्यातून भातसा आणि तानसाचे पाणी मुंबईला जाते, त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो, आणि अशा माणसांना रिकाम्या धरणाचे महत्त्व पटवून देणे मला स्वतःलाही जड जाते. यावर तोडगा आहे, पण तो बांधताना करायचा असतो. धरणाला दोन मजले आहेत असे समजावे. नळाचे तोंड तळाशी न ठेवता दोन-अडीच मीटर उंचीच्या उभ्या विहिरीसारख्या खांबावर ठेवले, की त्या उंचीखालचे पाणी कायम राहते. हा खालचा मजला गुरांना, विहिरींच्या पाझराला आणि ओढ्याबरोबर येणाऱ्या गाळाला. वरचा मजला मात्र पुराचा. तो रिकामाच राहणार. खालच्या मजल्याला पाणी हवे तर धरण तेवढे उंच बांधावे, जमीन तेवढी जास्त घ्यावी आणि तिचा मोबदला द्यावा. वरच्या मजल्यातून चोरून ते घेता येत नाही. गाळाने खालचा मजला भरत आला, की तो उन्हाळ्यात उपसून शेतात टाकावा.

ही धरणे कोठे आणि किती बांधायची, हाही सोपा प्रश्न नाही. एका ओढ्याचे शिखर चार तास मागे ढकलले आणि शेजारच्या ओढ्याचे शिखर नेमके त्याच वेळी संगमावर पोचले, तर संगमाखालच्या गावाला पूर्वीपेक्षा जास्त पाणी दिसू शकते. म्हणून ही धरणे सुटी सुटी न आखता पूर्ण पाणलोटाचा विचार करून आखावी लागतात. त्यांच्या परिणामालाही अंतराची मर्यादा आहे. धरणाखालच्या पहिल्या एक-दोन गावांना फरक ठळक जाणवतो. पण २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, तसा उल्हास नदीचा पूर एका ओढ्यावरच्या बांधाने उतरणारा नाही.

ठाणे आणि नवी मुंबईच्या खाडीकाठी यात भरतीची भर पडते. इथल्या जुन्या खारभूमीच्या बांधांना उघाडी असते. भातशेतीचे पाणी ओहोटीला तिच्यातून बाहेर पडते, आणि भरतीचे पाणी चढले की बाहेरच्या दाबाने तिची झडप आपोआप मिटते. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईत जे धारण तलाव केले, त्यांचे तत्त्व हेच आहे. शहराचा मोठा भाग उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. भरतीच्या वेळी झडपा मिटलेल्या असताना पारसिकच्या डोंगरावरून आणि रस्त्यांवरून आलेले पावसाचे पाणी हे तलाव पोटात घेतात आणि ओहोटी लागली की खाडीत सोडतात. मुरबाडचा बांध आणि वाशीचा धारण तलाव यांत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो, पण दोघांचेही काम काही तास पाणी थांबवण्याचे, आणि दोघांचीही ताकद रिकाम्या जागेत आहे. गाळ आणि कांदळवन यांनी धारण तलाव उथळ झाला, की त्यात मावणारे तास कमी होतात. डोंगरपायथ्याचे पाणी किती वेळ थोपवायचे हे ठरवताना म्हणूनच भरतीचे वेळापत्रक शेजारी ठेवावे लागते, नाहीतर दोन वाजता सुटलेले पाणी सहा वाजता नेमके उधाणाच्या तोंडी आणून घालण्याचा दोष आपल्याच पदरी येतो.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि लांबी, साठा वगैरे काही अटी पूर्ण करणाऱ्या १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू होतो. आपला सात मीटरचा बांध त्याच्या कक्षेत येत नाही. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर त्याची तपासणी व्हावीच असे बंधन त्या कायद्यातून येत नाही, म्हणून त्याच्यावरची नजर ही खालच्या वस्तीचीच राहते. ती नजर किती उपयोगी पडते, ते मी एकदा प्रत्यक्ष पाहिले.

त्या गावात बांधाच्या पायथ्याजवळच्या पहिल्या घरात एक आजी राहत असत. पायथ्याशी करंगळीएवढी पाझराची धार होती. नितळ आणि गढूळ यातला फरक मी त्यांना सांगितला होता, आणि त्यांनी तो मनावर घेतला. रात्री तळे चढले की सकाळी त्या एका काचेच्या बाटलीत धारेचे पाणी भरत आणि बाटली ओट्यावर ठेवत. आदल्या वेळची बाटली शेजारी असे. जुलैच्या एका पंधरवड्यात धरण तीनदा भरले. पहिल्या बाटलीच्या तळाशी काही नव्हते. दुसरी भरली तेव्हा पाणी फिकट तांबूस दिसले, आणि दोन तासांनी तळाशी बोटभर गाळ बसलेला होता. त्यांनी नातवाकरवी मला फोन केला. मी पोचलो तेव्हा तरुण मंडळी धार बुजवण्यासाठी चिकण मातीची घमेली घेऊन उभी होती. त्यांना थांबवणे हे पहिले काम होते, कारण मातीने तोंड बंद केले तर आतला दाब तसाच राहतो आणि पाणी शेजारी दुसरे तोंड काढते. आम्ही त्या जागेवर आधी धुतलेली वाळू पसरली, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर जाड खडी आणि सर्वांत वर दगड, म्हणजे बांधाच्या आत जो पडदा असायला हवा तो बाहेरून घातला. खालच्या चार घरांतील माणसे त्या रात्री शाळेत झोपली.

आम्ही दगड रचत असतानाच वर तळे उतरत होते. कोणी काही केले नव्हते. उघडा नळ आपले काम करत होता, आणि संध्याकाळी पाच वाजेपर्यंत वरचा मजला रिकामा झाला. धार बारीक होत जवळजवळ थांबली. हेच तळे गोण्या रचून भरून ठेवलेले असते तर तो दाब दिवाळीपर्यंत बांधावर राहिला असता. सहा दिवसांनी पुन्हा मोठा पाऊस झाला, धरण तिसऱ्यांदा भरले, आणि आजींनी दगडांच्या फटीतून येणारे पाणी तिसऱ्या बाटलीत धरले. ती बाटली दुपारपर्यंत ओट्यावर राहिली, आणि तिच्या तळाशी काही बसले नाही.